रात्री तीन वाजता अंगावर काय चढवाल? पट्टा, जाकीट आणि खिशातल्या ड्रेसिंगचा इतिहास

परवा तपासणीला आलेल्या एका काकांनी मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. वय ६८, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू. शेजारच्या इमारतीत रात्री चोर शिरल्यापासून त्यांची झोप उडाली होती. अमेरिकेतल्या मुलाने त्यांना एका जाकिटाचा फोटो पाठवला होता. छातीवर, पोटावर, पाठीवर कप्पेच कप्पे. "डॉक्टर, मागवू का? रात्री काही झालं की चढवायचं अंगावर. सगळं हाताशी!"

मी विचारलं, "यात ठेवणार काय काय?" त्यांनी यादी वाचली: मोठी बॅटरी, पाण्याच्या दोन बाटल्या, हातोडी, साखळी, दोर, कागदपत्रांची फाइल, पैसे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या या माणसाच्या यादीत जखम दाबायला एक कापसाचा बोळासुद्धा नव्हता.

काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत घराच्या संरक्षणाची अशी तयारी पलंगाशेजारी टांगून ठेवणारे बरेच लोक आहेत. बाजारात त्याचे मुख्य चार प्रकार मिळतात: कमरेचा पट्टा, छातीवर बांधायचे कप्पे, पूर्ण जाकीट आणि एका खांद्यावरची पिशवी. यातले बहुतेक प्रकार सैनिकाच्या वेषातून आले आहेत. सैनिकाने ओझे अंगावर कुठे आणि किती वाहावे, या वादात तर डॉक्टरांनी दीडशे वर्षांपूर्वीच उडी घेतली होती. म्हणून निवड करण्याआधी थोडा इतिहास पाहू.

छातीवरचे पट्टे आणि सैनिकाचे हृदय

१८६० च्या दशकात ब्रिटिश सैन्यातल्या डॉक्टरांना एक कोडे पडले होते. तरुण, धडधाकट शिपाई धडधड, धाप आणि छातीत दुखण्याची तक्रार घेऊन येत आणि सैन्यातून बाद होत. नेटली इथल्या लष्करी वैद्यकीय शाळेतले प्राध्यापक मॅक्लीन यांनी १८६७ मध्ये सैनिकाच्या सामानाकडे बोट दाखवले. पाठीवर उंच बांधलेली पिशवी आणि छातीवरून आवळलेले पट्टे यांमुळे फुप्फुसे नीट फुगत नाहीत आणि हृदयावर ताण येतो, असे त्यांचे म्हणणे होते. १८७० मध्ये आर्थर मायर्स या लष्करी डॉक्टरांनीही घट्ट गणवेशाला आणि पट्ट्यांना दोष दिला. नेटलीचेच स्वच्छताशास्त्राचे प्राध्यापक एडमंड पार्क्स सामानाची नवी रचना ठरवणाऱ्या समितीत होते. १८७१ च्या रचनेत पिशवी पाठीवरून खाली सरकली आणि कमरेच्या वर टेकली.

आता यातले खरे किती? त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. जेकब दा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये अगदी अशाच तक्रारी नोंदवल्या. पहिल्या महायुद्धात सर थॉमस लुईस यांनी अशा सैनिकांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा बहुतेकांच्या हृदयात रोग सापडलाच नाही. थकवा, आजारपण आणि भीती यांचा त्यात मोठा वाटा होता. म्हणजे पट्ट्यांमुळे हृदयरोग होतो, ही मॅक्लीन यांची समजूत टिकली नाही. पण छाती आवळली की श्वास तोकडा पडतो, हे निरीक्षण बरोबरच होते. जड ओझे छातीवर बांधून फुप्फुसांची क्षमता मोजली तर ती कमी भरते. तरुण शिपायाला ते चालून जाईल. दमा, हृदयविकार किंवा मोठे पोट असलेल्या माणसाला घाबरलेल्या अवस्थेत जिना उतरताना ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

जाकिटासारखे चढणारे ओझे

बोअर युद्धात ब्रिटिशांचे चामड्याचे सामान कमी पडले. त्यानंतर १९०८ मध्ये जाड सुती विणीच्या पट्ट्यांची नवी रचना आली. तिचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे पट्टा, काडतुसांचे कप्पे, पाण्याची बाटली आणि पिशवी एकमेकांना जोडलेली असत. सगळा साज जाकिटासारखा एकदम चढवता आणि उतरवता येई. पुढचे आणि मागचे वजन एकमेकांना तोलून धरी आणि भार कमरेवर येई. आजचा कप्पेवाला पट्टा हा याच घराण्यातला. अमेरिकी सैन्याची १९७३ ची रचना आणि तिच्यानंतर आलेली, आडव्या पट्ट्यांत हवे ते कप्पे अडकवण्याची रचना ही पुढची पिढी.

पण सोय झाली की माणूस ओझे वाढवतो. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत ब्रिटिश शिपाई सुमारे ३० किलो वजन घेऊन खंदकातून बाहेर पडले. त्या वजनाने धावणे सोडाच, खंदक चढणेही कठीण होते. १९५० मध्ये एस. एल. ए. मार्शल या अमेरिकी लष्करी लेखकाने या विषयावर एक छोटे पुस्तकच लिहिले. त्याचा मुद्दा असा, की भीतीनेही स्नायूंची ताकद जाते. सरावात सहज उचललेले ओझे प्रत्यक्ष संकटात दुप्पट वाटते. सैन्याने "लागलं तर असू दे" म्हणत भरलेल्या वस्तूच सैनिकाला अडवतात.

घरात राहणाऱ्यांनी काय केले?

सैनिकाचे सोडा, साध्या नागरिकांनी काय अंगावर वागवले? याचे उत्तम उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटन. विषारी वायूच्या भीतीने १९३८ पर्यंत तिथे सुमारे ३ कोटी ८० लाख मुखवटे वाटले गेले. पुठ्ठ्याचा खोका, त्याला दोरी आणि ती खांद्यावर. सुरुवातीला लोकांनी तो इमानाने वागवला. काही कंपन्यांनी तर मुखवट्यासाठी खास कप्पा असलेल्या बायकांच्या पर्स काढल्या. वायूचा हल्ला झालाच नाही. १९४० च्या वसंतापर्यंत मुखवटे बहुतेक घरी राहू लागले किंवा बस-रेल्वेत विसरले जाऊ लागले. खोका अडचणीचा होता आणि दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा नव्हता.

याउलट लोकांनी आपण होऊन स्वीकारलेली वस्तू म्हणजे 'सायरन सूट'. हा चेन लावलेला एकसंध, सैल पोशाख. भोंगा वाजला की झोपेच्या कपड्यांवरच तो चढवायचा आणि तळघराकडे निघायचे. मोठे खिसे, ऊब आणि अंधारात चुकणार नाही अशी एकच चेन. पंतप्रधान चर्चिलही तो घालत. दुसरी वस्तू बॅटरी. रस्त्यांवर सक्तीचा अंधार असल्याने तिची मागणी इतकी वाढली, की सेल मिळेनासे झाले.

१४ मे १९४० रोजी नभोवाणीवरून स्थानिक स्वयंसेवकांना आवाहन झाले आणि त्यातून 'होम गार्ड' उभे राहिले. सुती विणीचे चांगले पट्टे नियमित सैन्याला लागत, म्हणून घर राखणाऱ्या या मंडळींच्या वाट्याला बरेचदा चामड्याचे पट्टे आले. आपल्याकडे मुंबईत डिसेंबर १९४६ मध्ये दंगलींच्या काळात होमगार्डची स्थापना झाली, त्या नावाचे मूळ तिथले.

अंगरख्यातला चोरखिसा

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश फॉन एस्मार्च यांनी १८७० च्या सुमारास त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला. ती कशी बांधायची याची चित्रे त्या कापडावरच छापलेली असत. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायाच्या अंगरख्याला पुढच्या घेराच्या आतल्या बाजूला एक खास खिसा असे. त्यात दोन ड्रेसिंग असलेले पाकीट ठेवलेले असे: गोळी आत गेली तिथे एक आणि बाहेर पडली तिथे दुसरे. प्रत्येकाचा खिसा एकाच जागी, त्यामुळे मित्र जखमी झाला तर अंधारातही त्याचे पाकीट सापडे. नियमही असा, की जखमी माणसाचेच ड्रेसिंग त्याच्यासाठी वापरायचे. आपले स्वतःसाठी राखायचे.

रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा, म्हणजे टूर्निके, याहूनही जुना. स्क्रूने आवळणारा पट्टा फ्रान्सच्या झाँ-लुई पती यांनी १७१८ मध्ये तयार केला. तरी पुढे अनेक दशके "हात-पाय गमवावा लागेल" या धास्तीने डॉक्टर त्याला बिचकत राहिले. इराक युद्धात हे चित्र पालटले. बगदादच्या लष्करी रुग्णालयातल्या जखमींचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला डॉ. जॉन क्राघ यांचा अभ्यास पाहा. शॉक येण्याआधी पट्टा आवळला त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के वाचले. शॉक आल्यानंतर आवळलेल्यांपैकी फक्त १० टक्के. दुसरा गट लहान होता, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर हार्टफर्डला जमलेल्या शल्यचिकित्सकांनी हे ज्ञान नागरिकांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला आणि २०१५ मध्ये 'स्टॉप द ब्लीड' ही मोहीम सुरू झाली.

मग तुम्ही काय निवडाल?

*छातीवरचे कप्पे किंवा जड जाकीट:* हृदयविकार, दमा, गरोदरपण, मानेचे दुखणे यांपैकी काही असेल तर नकोच. बाकीच्यांनाही घरात त्याची गरज क्वचितच पडेल.

*एका खांद्याची पिशवी:* वाकल्यावर पुढे घसरते, दाराच्या कडीत अडकते. मूल कडेवर घ्यायचे असेल तर फार अडचणीची.

*कमरेचा पट्टा व छोटी पाऊच:* बहुतेकांसाठी हाच उत्तम. भार कमरेवर, दोन्ही हात मोकळे. हर्निया किंवा पोटाचे ऑपरेशन झाले असेल तर मात्र मोठ्या खिशांचे सैल, हलके जाकीट बरे.

वजन एक किलोच्या आत ठेवा. आत काय हवे? छोटी बॅटरी, शिट्टी, जाड गॉजचे दोन गठ्ठे, दाब देणारी इलॅस्टिक पट्टी, चष्मा, किल्ली, दोन दिवसांच्या गोळ्या आणि चालू औषधांची चिठ्ठी. रक्त पातळ करणारे औषध असेल तर त्याचे नाव ठळक लिहा. शिकलेले असाल तर टूर्निके ठेवा. पलंगाखाली चपला असू द्या, कारण फुटलेल्या काचेवर अनवाणी पाय पडणे ही अशा रात्रीची नेहमीची जखम. आणि घरातल्या प्रत्येकाला पाऊचची जागा माहीत हवी.

रक्त वाहत असेल तर आधी गॉज ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबा. दहा मिनिटे उचलून बघू नका. हाता-पायाचा रक्तस्राव दाबूनही थांबत नसेल तरच टूर्निके, जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही. वेळ लिहून ठेवा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सैल करू नका. साप चावला तर मात्र असा पट्टा कधीही आवळू नका. चोर आत आहे अशी शंका असेल तर खोलीला आतून कडी लावा आणि ११२ ला फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

काका पुढच्या आठवड्यात आले ते साधी कमरेची पाऊच घेऊन. बाळांच्या वजनकाट्यावर ती ठेवली, तर ८७० ग्रॅम भरली. मग मी दिवा घालवला आणि पट्टा बांधून गॉज बाहेर काढायला सांगितले. पहिल्या खेपेला त्यांना ५० सेकंद लागले, तिसऱ्या खेपेला १५. "आता हिलाही करायला लावतो," ते म्हणाले. मी तेच सांगणार होतो. काकांना जखम झाली तर दाबायला काकूच असणार आहेत.