फुकट डेटाबेसचा पगार कोण देतं?

शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले आणि १९२० साली ‘मूकनायक’ निघाला. १९२३ साली तो बंद पडला. सुरुवातीची मदत वेगळी, रोजचा खर्च वेगळा; आम्हा कोल्हापूरकरांना हा इतिहास पाठ आहे. तरी ‘फुकट’ सॉफ्टवेअर म्हटलं की तो खर्च कुणी विचारतच नाही.

पोस्टग्रेस हा डेटाबेस १९८६ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात सरकारी निधीवर, म्हणजे लोकांच्या करावर, सुरू झाला. विद्यापीठाने प्रकल्प थांबवला, पण कोड खुला होता. १९९६ पासून स्वयंसेवकांनी तो पोस्टग्रेसक्यूएल नावाने चालवला. आज त्यातल्या अनेकांना कंपन्या पगार देतात. त्या विकतात ती सेवा आणि सल्ला. त्यातल्या एंटरप्राइझडीबीचं कार्यालय पुण्यातही आहे.

पगार देणारा मालक होत नाही का? इथे नाही. मुख्य समितीत एकाच कंपनीची माणसं निम्म्याहून जास्त नकोत, हा तिथला दंडक. २०२० साली याच कंपनीने दुसरी कंपनी घेतली आणि तो मोडला; तेव्हा बाहेरचे दोन सदस्य वाढवले गेले.

मायएसक्यूएलचा कोडही खुला, पण हक्क एका कंपनीचे. ती २००८ साली एक अब्ज डॉलरला सनकडे गेली, २०१० साली सनच ओरॅकलकडे. मूळ निर्माते विडेनियस यांनी तोच कोड घेऊन मारियाडीबी उभा केला.

महाविद्यालयीन ग्रंथालयांतलं ‘कोहा’ याच दोहोंवर चालतं. आपल्या संस्थांच्या जमाखर्चात त्यासाठी वर्गणीचा रकाना आहे का?