पाण्यात जन्मलेले फोटो

मंडळी, महाडच्या जुन्या फोटोंविषयी बोलायचं तर आपल्याला नदीपासूनच सुरुवात करावी लागते. सावित्री महाबळेश्वराहून उतरते, पोलादपूरवरून येते, महाडला तिला गांधारी मिळते. 22 जुलै 2021 च्या पुरात घराघरांत पाणी शिरलं आणि कपाटातल्या कागदांबरोबर अल्बमही भिजले.

आता गंमत बघा. हे कृष्णधवल फोटो मुळात पाण्यातच जन्मले होते. डार्करूममध्ये लाल दिवा. निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश टाकायचा, कागद डेव्हलपरमध्ये बुडवला की चेहरा हळूहळू वर यायचा. मग हायपो. चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे जॉन हर्शेलनं 1819 मध्ये दाखवलं आणि 1839 मध्ये त्याचा उपयोग फोटो टिकवण्यासाठी केला. 1854 मध्ये तर मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही निघाली. हायपोनंतर प्रिंट भरपूर पाण्यात धुवायची. त्यात कसूर झाली तर ती पुढे पिवळी पडते.

म्हणजे भिजलेला फोटो लगेच गेला असं नाही. त्यातली चांदी पाण्यात विरघळत नाही. फुगतो तो तिला धरून ठेवणारा जिलेटिनचा थर. फोटो एकमेकांना चिकटून वाळले, तर सोडवताना चेहराच उखडतो. म्हणून ओले असतानाच थंड, स्वच्छ पाण्यात अलगद सुटे करायचे. चित्राची बाजू पुसायची नाही. सावलीत, वर तोंड करून वाळवायचे, तेही दोन दिवसांच्या आत.

आणि डिजिटल प्रिंट? डाय शाईची असेल तर पाण्यात पसरते, पिगमेंट शाई जास्त तग धरते. पण डिजिटलचं खरं बळ कागदात नाहीच. डार्करूममध्ये हाताची सावली धरून एखादा चेहरा उजळ ठेवायचे. पुढच्या प्रतीत तो हात तस्साच पडेल याची खात्री नसे. फाइलमध्ये ती दुरुस्ती कायम राहते, आणि तीच फाइल महाडला, पुण्याला, मुंबईतल्या लेकीकडे एकाच वेळी असू शकते.

मग आपण बाजू कुणाची घ्यायची? दोन्हींची. निगेटिव्ह टाकू नका; ती खिडकीशी धरली तरी दिसते, वीज लागत नाही. स्कॅन करून एक प्रत नदीपासून लांब ठेवा. आणि फोटोमागे पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा. पेन्सिल पाण्यानं फुटत नाही. नाहीतर फोटो वाचेल, पण आतला माणूस कोण, ते सांगायला कुणी उरणार नाही.