पिंपरीचे पेनिसिलिन आणि आतड्यातले जंतू

१९३६ साली विजेची लोकल विरारपर्यंत धावू लागली आणि वसईच्या रुग्णाला मुंबईची मोठी रुग्णालये जवळ आली. पण त्याचे अपेंडिक्स आधीच फुटलेले असेल, किंवा विषमज्वराच्या व्रणाने आतड्याला छिद्र पडले असेल, तर गाडी वेळेवर पोहोचूनही पुष्कळदा उपयोग होत नसे. शल्यविशारद पोट उघडत, पू काढत, छिद्र शिवत. उदरपोकळीत सांडलेल्या जंतूंवर मात्र त्यांच्याजवळ खात्रीचे औषध नव्हते.

छिद्र शिवण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांच्या चाव्याने जोडून मुंग्यांची डोकी तशीच ठेवण्याची कृती सांगितली आहे. शिवणीच्या पुढची लढाई मात्र विसाव्या शतकातली, आणि तिचा एक अंक पुण्याजवळच्या पिंपरीत घडला.

हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले साहिब सिंग सोखी यांचा आग्रह होता की जीवरक्षक औषधे देशातच आणि सरकारी क्षेत्रात तयार व्हावीत. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ उभी राहिली. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी पुढे ज्या पायावर वाढली, त्यातला हा एक आरंभीचा दगड, ‘एच. ए. कॉलनी’ हे नाव आजही तिथल्या माणसाच्या तोंडी आहे.

न्यूमोनिया, उपदंश, जखमांतला पू यांवर पेनिसिलिनने जो चमत्कार केला तो खराच होता. पोटाच्या बाबतीत मात्र ते आरंभापासूनच लंगडे होते, आणि ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या १९२९ च्या मूळ निबंधातच नोंद आहे की आतड्यातल्या कोलाय-टायफॉइड गटाच्या जंतूंवर या द्रव्याचा परिणाम होत नाही. त्याहून विलक्षण गोष्ट पुढची. डिसेंबर १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या सामान्य जंतूत पेनिसिलिनचा नाश करणारे विकर सापडल्याचे प्रसिद्ध केले. ऑक्सफर्डच्या त्या सुप्रसिद्ध पोलीस शिपायाला पेनिसिलिनची सुई टोचली गेली ती फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचा उतारा जंतूजवळ तयार होता!

म्हणून फुटलेल्या अपेंडिक्ससाठी पेनिसिलिनच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसिन देण्याची रीत पडली. पिंपरीच्या कारखान्यानेही पुढे स्ट्रेप्टोमायसिन हाती घेतले. १९६३ साली जेंटामायसिनचा शोध जाहीर झाला आणि ई. कोलाय, क्लेबसिएला यांच्यावर नेमका घाव घालणारे औषध मिळाले. रुग्ण वाचू लागले; पण काही दिवसांनी पोटात पुन्हा गळू धरून परत येऊ लागले.

या कोड्याचे उत्तर १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत, उंदरांच्या पोटात सापडले. शेरवूड गोरबाख, जॉन बार्टलेट आणि सहकाऱ्यांनी आतड्यातला मळ कॅप्सूलमध्ये भरून उंदरांच्या उदरपोकळीत ठेवला. उपचार न केलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के उंदीर पहिल्या काही दिवसांतच मेले आणि वाचलेल्या प्रत्येकाच्या पोटात गळू झाले. जेंटामायसिन दिल्यावर मृत्यू ४ टक्क्यांवर आले, गळवे मात्र जवळपास सर्वांनाच झाली. क्लिंडामायसिन दिल्यावर उलटे घडले: गळवे ५ टक्क्यांवर, मृत्यू पूर्वीइतकेच. दोन्ही एकत्र दिल्यावर दोन्ही संकटे टळली. प्रारंभीचा मृत्यू ई. कोलायसारख्या जंतूंमुळे येतो आणि मागाहूनचे गळू बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिससारख्या, प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंमुळे होते, हे यातून उमगले. मोठ्या आतड्यात हे दुसरे जंतू पहिल्यांच्या शेकडो पटींनी अधिक असतात. जेंटामायसिनला त्यांच्या पेशीत शिरण्यासाठी प्राणवायूवर चालणारे वाहन लागते, ते तिथे नसते.

क्लिंडामायसिनची जागा लवकरच एका जुन्या, स्वस्त औषधाने घेतली. स्त्रियांच्या योनिदाहासाठी निघालेले मेट्रोनिडॅझोल १९६२ साली हिरड्यांचा संसर्गही बरा करते असे एका ब्रिटिश दंतवैद्याच्या ध्यानात आले. हिरड्यांवर चालते ते आतड्यावरही चालले. आज अपेंडिक्स फुटलेल्या रुग्णाला सेफ्ट्रियाक्झोनच्या जोडीला मेट्रोनिडॅझोल देतात, त्या जोडीचा पाया हाच.

पण १९४० च्या त्या विकराचे वंशजही स्वस्थ बसले नव्हते. १९८३ साली जर्मनीतून सेफलोस्पोरिन गटाची औषधे फोडणाऱ्या विकरांची वार्ता आली. २००७ साली आशिया-पॅसिफिक देशांत पोटाच्या संसर्गातून मिळालेले जंतू तपासले गेले, तेव्हा भारतातल्या ई. कोलायपैकी सुमारे ७९ टक्के जंतूंत अशी विकरे होती. मग कार्बापेनेम हे राखीव अस्त्र बाहेर काढावे लागले. मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी कार्बापेनेमलाही न जुमानणाऱ्या २४ जंतूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ हे विकर होते. त्याच्या नावात ‘न्यू दिल्ली’ का, यावर त्या वर्षी संसदेपर्यंत संताप उसळला. नावाचा अपमान लोकांना लगेच कळला, चोविसातल्या बाविसांचा अर्थ पोहोचायला वेळ लागला.

१ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झाले. त्यातल्या ४६ औषधांत सेफ्ट्रियाक्झोन आणि कार्बापेनेमही आहेत. ही औषधे विकताना औषधविक्रेत्याने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते.

पुढच्याच वर्षी अमेरिका व कॅनडातल्या ५१८ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. शस्त्रक्रियेने पू नीट काढला गेला असेल, तर सुमारे चार दिवसांचे प्रतिजैविक आठ दिवसांइतकेच गुण देते. पोट उघडून मूळ दोष काढणारा हात नसेल, तर मात्र हा हिशेब लागू होत नाही.