खोपोलीची वीज आणि हॉस्पिटलच्या गच्चीवरची उष्णता

मी कर्जतचा, व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर. आजचा विषय हॉस्पिटलच्या एसीचा, पण सुरुवात करूया १८४० च्या दशकातल्या अमेरिकेपासून.

फ्लोरिडातल्या अपालाचिकोला गावी जॉन गोरी नावाचे डॉक्टर होते. तापाच्या रुग्णांची खोली गार ठेवायला ते बर्फ वापरायचे. बर्फ यायचा लांबून, जहाजाने. म्हणून त्यांनी बर्फ करणारं यंत्रच बनवलं आणि १८५१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. हवा दाबायची, मग फुगू द्यायची, की ती गार होते. म्हणजे यंत्राने गारवा करायची एक सुरुवात रुग्णांसाठीच झाली.

१८५९ मध्ये फ्रान्सच्या फर्डिनांड कारे यांनी वेगळी वाट काढली. अमोनिया पाण्यात विरघळतो आणि ते पाणी तापवलं की बाहेर पडतो. कॉम्प्रेसरचं काम त्यांनी उष्णतेकडून करून घेतलं. चक्क जाळ लावून बर्फ! १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ऑगस्टिन मूशो यांनी तर उन्हाच्या उष्णतेवर बर्फ करून दाखवला.

मग ही यंत्रं मागे का पडली? उत्तराचा एक धागा आपल्या घाटाखाली आहे. लोणावळ्याकडे अडवलेलं पाणी पाइपांतून खाली आणून टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. आमच्या कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्र १९२२ चं. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. बटण दाबलं की मोटर फिरते म्हटल्यावर भट्टी कोण पेटवत बसणार? जगभर तसंच झालं, विजेवरचा कॉम्प्रेसर जिंकला.

पण त्या नादात एक गोष्ट नजरेआड झाली. एसी गारवा 'तयार' करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. मोठा चिलर एक युनिट वीज घेऊन आतली चार-पाच युनिट उष्णता उचलतो आणि पाच-सहा युनिट बाहेर सोडतो. त्याच इमारतीत अंघोळीसाठी, लाँड्रीसाठी पाणी तापवायला वेगळं इंधन जळत असतं. ऑपरेशन थिएटरचं तर बघाच. जुलैतल्या आपल्या दमट हवेतलं पाणी काढायला हवा गरजेपेक्षा जास्त गार करावी लागते, मग पुन्हा थोडी तापवावी लागते. बऱ्याच ठिकाणी हे काम विजेचा हीटर करतो. वर उष्णता फेकायची, खाली विकत घ्यायची! आमच्या कोडमध्ये असं काही असतं तर रिव्ह्यूतच अडकलं असतं.

यावरचे उपाय नवे नाहीत. चिलरची उष्णता पाण्यात घेऊन तेच पाणी वापरता येतं. जनरेटरची किंवा कारखान्याची वाया जाणारी उष्णता असेल, तर कारेंच्या कल्पनेची आजची आवृत्ती, म्हणजे लिथियम ब्रोमाइडचा चिलर, त्यावर चालतो. पुण्याची थरमॅक्स कंपनी असे चिलर बनवते. पण पथ्य एकच. साध्या प्रकारात एक भाग उष्णतेमागे जेमतेम ०.७ भाग गारवा मिळतो. त्यासाठी मुद्दाम इंधन जाळलं तर हिशोब बसणं कठीण. उष्णता आयतीच हवी.

आणि हे सगळं भिंती उभ्या राहायच्या आधी ठरवायला हवं. नंतर पाइप टाकायचे म्हणजे फोडाफोड, तीही रुग्ण आत असताना. विजेचं बिल शेवटी खाटेच्या भाड्यातच येतं. म्हणून आपल्या भागात कुणी हॉस्पिटल बांधत असेल तर नकाशा बघताना एवढंच विचारा: गच्चीवरची उष्णता जाते कुठे?

भेटूया पुढच्या भागात.