गिनीवर आहे, मोहरेवर नाही

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर अजूनही कुणाच्या तरी आजीची गिनी मोडीला येते. ती 1918 ची असेल तर मुशीत टाकण्याआधी भिंगाखाली धरावी. घोड्यावरच्या संत जॉर्जच्या पायाखालची रेघ पाहावी. सनाच्या बरोबर वर बारीकसं 'आय' दिसलं, तर ती मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली. दुसऱ्या बाजूला पंचम जॉर्जच्या मुखवट्याभोवती लॅटिन अक्षरं आहेत. शेवटी 'इंड. इंप.', हिंदुस्थानचा सम्राट. आणि त्याच्या अलीकडे 'एफ. डी.', धर्मरक्षक.

हा धर्म कोणता? 1521 मध्ये आठव्या हेन्रीनं मार्टिन ल्यूथरविरुद्ध पुस्तक लिहिलं, म्हणून पोप दहाव्या लिओनं ही पदवी त्याला बहाल केली. पुढे हेन्रीनं रोमशी नातं तोडलं. पदवी मात्र सोडली नाही. 1544 मध्ये पार्लमेंटनं ती कायद्यानं राजमुकुटाला जोडली. 1689 पासून राज्याभिषेकात प्रोटेस्टंट धर्म राखण्याची शपथ आली, 1701 च्या कायद्यानं कॅथलिकांना गादीच बंद झाली. त्या कायद्यामुळेच हॅनोव्हरचा पहिला जॉर्ज 1714 मध्ये राजा झाला आणि त्याच्याच नाण्यांवर ही दोन अक्षरं प्रथम उमटली. हा जॉर्ज ल्यूथरपंथी! ल्यूथरला झोडपल्याबद्दल मिळालेला मान ल्यूथरच्याच अनुयायाच्या नाण्यावर चढला.

आता खरी गंमत. त्याच 1918 साली, त्याच मुंबईत 15 रुपयांची सोन्याची मोहर पाडली गेली. वजन गिनीइतकंच, जवळजवळ 8 ग्रॅम, आकारही तोच. तिच्यावर राजा आहे, सम्राट आहे, धर्मरक्षक नाही. 1835 च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयापासून हिंदुस्थानी नाण्यांवर ती अक्षरं कधीच आली नाहीत.

जागा पुरली नसेल, असं काही जण म्हणतात. गिनी आणि मोहर शेजारी ठेवली की हा मुद्दा निकालात निघतो. दुसरा पक्ष जरा वजनदार आहे: रुपयावरचा मजकूर इंग्रजी, म्हणून लॅटिन बिरुदं आपोआप गळली. पण मग 'सम्राट' इंग्रजीत लिहिता आलं तसं 'धर्मरक्षक'ही लिहिता आलं असतं. व्हिक्टोरियाच्या 1858 च्या इंग्रजी जाहीरनाम्यात ते आहेच. त्याच जाहीरनाम्यात राणी ख्रिस्ती धर्मावर आपली श्रद्धा सांगते आणि तो प्रजेवर लादण्याचा हक्क आणि इच्छा दोन्ही नाकारते.

माझं ठाम मत असं की हे गाळणं जाणूनबुजून होतं, आणि त्याचं कारण शोधायला आपल्याच मुलखात यावं लागतं. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत वेदोक्ताचा वाद पेटला. छत्रपतींना आणि प्रभूंना वेदोक्त संस्कारांचा अधिकार आहे की नाही, यावर पंडितांच्या सभा भरल्या. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन विरोधी पक्षाचे पुढारी. प्रकरण थेट कंपनीच्या रेसिडेंटपर्यंत गेलं. धर्माच्या कज्जात राजानं कुणाची बाजू राखायची, हा प्रश्न इथे किती जळजळीत आहे, हे कंपनीच्या साहेबांनी समोर पाहिलं. अशा मुलखात घरोघरी फिरणाऱ्या रुपयावर 'धर्मरक्षक' कोरलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: कुणाच्या धर्माचा?

रुपयाच्या बाबतीत सरकार किती जपून होतं, त्याचा दाखला 1911 चा. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी मुसलमानांची तक्रार आली. नाणी परत घेतली, आणि 1912 च्या रुपयावर हत्तीला ठसठशीत सोंड आली.

मग गिनीवर ती अक्षरं कशी राहिली? गिनी हिंदुस्थानचं नाणं नव्हतंच. 1918 मध्ये मुंबईत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा उघडली होती. नमुना लंडनचा होता, त्यातला शब्द हलवायची मुभा मुंबईला नव्हती.