रामाचा दिवस, कृष्णाची रात्र

सोलापुरात मेंढीकोटला चौथा माणूस मिळेनासा झाला, तेव्हाच खरं म्हणजे कुणीतरी या शहराची काळजी करायला हवी होती. मुलं नोकरीसाठी पुण्याला जातात, हे आम्ही केव्हाच गृहीत धरलं होतं. पण आता मुलांच्या मागोमाग बापही निघाले. आमच्या चौकडीतले अण्णा, गिरणीच्या हिशेबखात्यात उभा जन्म काढलेला माणूस, नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवून देण्याच्या कामगिरीवर पुण्याला रवाना झाले. मागे उरलो वकील, मास्तर आणि मी. तीन-दोन-पाच खेळून पाहिलं. चार दिवसांत वकिलांनी पत्ते खाली ठेवले. म्हणाले, "मे महिन्यात मामाच्या गावाला आल्यासारखं वाटायलंय ओ."

या संकटातून आम्हांला सोडवलं सावंतवाडीने. वकिलांनी कोकणच्या सहलीतून गंजिफांची एक रंगीत पेटी आणली होती. अर्थातच शोकेससाठी. वहिनींनी ती संगमरवरी ताजमहालाशेजारी मांडूनही ठेवली होती. मास्तरांनी एका संध्याकाळी ती उघडली, सोबतचा कागद चष्मा वर सारून वाचला आणि ओरडले, "अहो, हा तिघांचाच खेळ की!"

मास्तरांना इतिहास विचारायचा नाही, असा आमच्या बैठकीचा जुना दंडक आहे. पण आता इलाज नव्हता. मास्तर सुरू झाले ते थेट बाबरापासून. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्या, अशी नोंद त्याने स्वतःच आपल्या आठवणींत करून ठेवली आहे. शाह हसनला खेळाची आवड, त्याने मागितल्या, याने धाडल्या. हे वर्ष खानव्याच्या लढाईचं. एवढ्या धामधुमीत मित्राच्या पत्त्यांची आठवण ठेवणाऱ्या बाबराबद्दल माझं मत त्या दिवसापासून बरंच सुधारलं आहे.

नातू आजोबाच्या पुढे गेला. अकबराच्या गंजिफांत बारा रंग आणि एकशेचव्वेचाळीस पानं. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त त्यांची यादीच दिली आहे: घोड्यांचा अश्वपती, हत्तींचा गजपती, किल्ल्यांचा गढपती, खजिन्याचा धनपती, असं करत करत सापांच्या अहिपतीपर्यंत. पुढे रूढ झाला तो आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा मोगली जोड. आणि मग आपल्या लोकांनी बादशहा, तलवारी, गुलाम बाजूला सारून त्यांच्या जागी दशावतार बसवले. जुगारावर बायकामुलांची बोलणी खाण्यापेक्षा देवाचं नाव घेत खेळलेलं बरं, असा हिशेब त्यामागे असावा, असं आपलं माझं मत. मास्तरांना ते मान्य नाही.

बोलता बोलता गढपतीवरून मास्तर आमच्या भुईकोटावर आले. सोलापूरचा किल्ला हाच मुळी एक पत्ता होता! १५२४च्या सुमारास आदिलशहाच्या बहिणीचं लग्न बुऱ्हाण निजामशहाशी लागलं आणि हुंड्यात सोलापूर द्यायचं ठरलं. नवरी गेली, किल्ला काही गेला नाही. त्यावरून विजापूर आणि अहमदनगर पुढची चाळीस वर्षं भांडत राहिले. शेवटी तालिकोटच्या लढाईच्या तोंडावर चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा किल्ला पुन्हा हुंड्यात! वकील म्हणाले, "एकाच मिळकतीवर दोन लग्नं? माझ्याकडे आले असते तर तीन पिढ्या केस चालवली असती."

आता खेळाकडे येतो. एकूण एकशेवीस पानं, सगळी गोल. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघांत वाटली की प्रत्येकी चाळीस. गोल चाळीस पानं एका मुठीत धरून बघा म्हणजे कळेल. कडक भाकऱ्यांची चळत धरून जिना चढणं त्यापेक्षा सोपं. जुन्या गंजिफा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून करत. हीच खळ आमच्याकडे घोंगड्याला देतात. श्रीमंतांच्या हस्तिदंती असत; त्यांना दरबार कलम म्हणायचं, बाकीच्यांना बाजार कलम.

पहिल्या पाच अवतारांत, मत्स्यापासून वामनापर्यंत, राजा-प्रधानाखाली दहाचं पान मोठं आणि एकाचं सर्वांत लहान. परशुरामापासून कल्कीपर्यंत नेमकं उलटं. एक मोठा, दहा भिकारी. आणि आपल्याकडच्यासारखा हुकमाचा रंगच नाही! ज्या रंगात त्या घडीला जे पान सर्वांत मोठं शिल्लक, ते हुकूम. म्हणजे दहाही रंगांत काय पडलं नि काय राहिलं, हे डोक्यात ठेवायचं. आमच्या वयात ही मागणी जरा जास्तच आहे. वकिलांना चष्मा कुठं ठेवला हे आठवत नाही. त्यांनी नृसिंहाची सत्ती गेली की आहे, हे सांगायचं!

उतारी मात्र फार सुरेख. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याने. तो राजा टाकायचा आणि बरोबर एक हलकं पान. उरलेल्या दोघांनी गुमान दोन दोन हलकी पानं त्यावर वाहायची.

हा सगळा खेळ छापील विलायती पत्त्यांनी मारला. स्वस्त, चौकोनी, बावन्नच. चितारी लोकांची पोटं सुटली. सावंतवाडीत वयोवृद्ध पुंडलिक चितारी ही कला जाणून होते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले त्यांच्याकडून शिकले आणि १९७१ साली राजवाड्यात लाखकामाचा कारखाना उभा राहिला. चित्रं वाचली. खेळणारे मात्र अजून शोकेससमोर उभे आहेत.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला अण्णा आले. पुणं मानवलं नव्हतं. नातू आता एकटा बसमध्ये चढतो, एवढंच म्हणाले. तिघांच्या खेळात चौघं झालो, म्हणून पाळीपाळीने एकाने उठायचं, कॉफी करायची, असं ठरलं. पहिला डाव अण्णा मास्तरांच्या पाठीमागे बसून नुसते बघत होते. दुसऱ्या डावात हळूच म्हणाले, "कूर्माची अठ्ठी अजून यायची आहे की ओ." आलीच. चाळीस वर्षं खतावण्या सांभाळलेला माणूस. त्याला एकशेवीस नोंदी म्हणजे काय?

अण्णांचं परतीचं तिकीट सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. वहिनींनी शेंगाचटणी बांधून दिली होती. गड्ड्यावरून आल्यावर बसलो ते कृष्णावरच डाव होत राहिले. नव्या वाटणीला बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली आणि वाद निघाला. हा डाव रामाचा की कृष्णाचा? राम मास्तरांकडे, कृष्ण अण्णांकडे. वकिलांनी पंचांग काढलं. सूर्योदय सातच्या पुढे होता.

"म्हणजे रात्रच आहे की," अण्णा म्हणाले. पिशवीकडे त्यांनी पाहिलं नाही. कृष्णाचा राजा टाकला आणि त्याच्यासोबत मत्स्याचा एक्का.