वृद्धांचे वाढते प्रमाण आणि तरुण पिढी : नाशिक जिल्हा

लोकसंख्येत साठ वर्षांवरील माणसांचा वाटा वाढत गेला की कमावत्या पिढीचा पैसा, वेळ, घर आणि गाव सोडण्या-न सोडण्याचे निर्णय यांवर परिणाम होतात. या नोंदीत त्यांचा विचार नाशिक जिल्ह्यापुरता केला आहे. जननदर घटणे आणि आयुर्मान वाढणे ही या बदलाची दोन मुख्य कारणे. तरुण बाहेरगावी गेले की मागे राहिलेल्या गावाचे सरासरी वयही चढते. तरुणांवरचा भार मात्र वृद्धांच्या संख्येवरून कळत नाही. वडिलांना पेन्शन आहे का आणि घर-जमीन कोणाच्या नावावर आहे, या दोन गोष्टी तो अधिक ठरवतात.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढच्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्याचा एकूण जननदर १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. केंद्र सरकारच्या अंदाजानुसार २०३६ पर्यंत देशातील वृद्धांचा वाटा सुमारे १५ टक्क्यांवर जाईल. कमावत्या वयाच्या (१५ ते ५९) दर शंभर माणसांमागे किती वृद्ध, हे सांगणारे वृद्ध-अवलंबित्व गुणोत्तर १९६१ मध्ये १०.९ होते, ते २०११ मध्ये १४.२ झाले. हा आकडा जपून वापरावा. कमावत्या वयाचा प्रत्येक जण कमावतोच असे नाही, आणि साठी ओलांडलेला प्रत्येक जण अवलंबून असतोच असेही नाही. निफाडच्या बागेत सत्तरीचे शेतकरी आजही फवारणीच्या वेळापत्रकावर स्वतः लक्ष ठेवतात.

नाशिक शहराचे वय टप्प्याने वाढले. साठच्या दशकात सातपूरची आणि त्यानंतर अंबडची औद्योगिक वसाहत उभी राहिली, ओझरला विमानाचा कारखाना आला. खानदेश, नगर, मराठवाडा आणि जिल्ह्यातल्याच खेड्यांतून विशीतली मुले नोकरीला आली. सिडकोने त्यांच्यासाठी सहा योजनांत लहान लहान घरे बांधली. महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ६.५७ लाख होती, ती २०११ मध्ये १४.८६ लाखांवर गेली. एकाच सुमारास आलेली ही पिढी एकाच सुमारास निवृत्त झाली, त्यामुळे सिडकोच्या गल्ल्यांत म्हातारपणही घरोघरी एकदमच आले.

निवृत्तीनंतर या कामगारांच्या घरांत मोठी तफावत पडली. नाशिकरोडला १९२५ चा इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ चा करन्सी नोट प्रेस आहे. तेथून सरकारी नियमांनुसार निवृत्त झालेल्यांना महागाईप्रमाणे वाढणारी पेन्शन मिळते. सातपूर-अंबडच्या खासगी कारखान्यांतील कामगाराच्या वाट्याला कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५, म्हणजे ‘ईपीएस-९५’ येते. तिचे सूत्र साधे आहे : निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. सप्टेंबर २०१४ पासून वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे. म्हणजे पस्तीस वर्षे राबलेल्यालाही या मर्यादेत महिना ७,५०० रुपयांच्या आसपासच मिळणार. त्याआधीची मर्यादा ६,५०० रुपयांची, म्हणून जुन्या निवृत्तांच्या हाती याहून बरेच कमी पडते. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे, आणि या रकमेला महागाई भत्ता जोडलेला नाही. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, डोळ्यांचे ऑपरेशन, गुडघ्याचे दुखणे हा खर्च मग मुलाच्या पगारातून जातो. तो मुलगा पुष्कळदा त्याच वसाहतीत कंत्राटी कामगार असतो, कारण वडिलांना मिळालेली कायम नोकरी त्याच्या पिढीला क्वचितच लाभते. प्रेसमधल्या निवृत्ताच्या पेन्शनवर नातवाची फी भरली जाते, तर ईपीएसच्या घरात पैसा उलट्या दिशेने वाहतो. शहरातील तरुणांमधली ही विषमता वयाच्या कोणत्याही गुणोत्तरात उतरत नाही, आणि एवढ्याचसाठी ती आधी सांगायला हवी.

घर ही दुसरी बाजू. वडिलांच्या सिडकोच्या घरावर मजला चढवून राहणाऱ्या मुलाला भाडे वा गृहकर्ज नसते. तीच त्याची खरी वारसा-मिळकत. उलट पुण्याच्या हिंजवडीत किंवा परदेशात नोकरी करणाऱ्यांचे आईवडील गंगापूर रोड, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. पुणे सुमारे दोनशे दहा किलोमीटरवर आहे, शनिवारी येऊन रविवारी परतण्याइतके. मुंबईची नोकरी धरूनही आईवडिलांजवळ राहता यावे म्हणून वर्षानुवर्षे पंचवटी एक्स्प्रेसने ये-जा करणारेही आहेत. ही गाडी १९७५ मध्ये सुरू झाली.

पैशाचा हिशेब तरी मांडता येतो, वेळेचा कोणी मांडत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे खाणे, अंघोळ, कूस बदलणे, रात्रीचे उठणे हे बहुतेक घरांत सून, मुलगी किंवा नात करते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ गेला. सासूला स्मृतिभ्रंश झाला म्हणून शाळेची नोकरी सोडलेल्या सुनेचा उल्लेख रोजगाराच्या चर्चेत येत नाही. वृद्धत्वाची सर्वांत मोठी किंमत तरुण स्त्रिया मोजतात, असे या नोंदीचे मत आहे. ऐपत असलेली घरे ब्युरोतून ‘केअरटेकर’ आणतात. ती बाईही बहुधा तरुण असते आणि स्वतःच्या घरच्या म्हाताऱ्यांना शेजाऱ्यांवर सोपवून बारा तासांच्या ड्यूटीवर येते.

ग्रामीण भागात सारे सातबाऱ्यावर येऊन थांबते. महाराष्ट्रातील सरासरी शेतजमीन १९७०–७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५–१६ मध्ये १.३४ हेक्टर झाली. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधे, मजुरी हे सारे मुलगा बघतो, पण उतारा वडिलांच्या नावे असतो. त्यामुळे पीककर्ज वडिलांच्या नावे निघते आणि थकले तर सोसायटीचे दार मुलालाही बंद होते. पीएम-किसानचा लाभही १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावे जमीन होती त्यालाच मिळतो, वारसाहक्काने आलेली जमीन काय ती अपवाद. वडील खातेफोड करायला कचरतात. त्यांच्या भीतीत तथ्य आहे, कारण वाटणी झाली की भाऊ आईबापांना महिन्या-महिन्याच्या पाळीने सांभाळू लागतात, आणि पाळीवर आलेल्या माणसाला कोणतेच घर आपले वाटत नाही. चाळिशीतला शेतकरी यामुळे कागदोपत्री ‘शेतकऱ्याचा मुलगा’च राहतो, आणि लग्नाच्या बाजारात हीच त्याची अडचण होते. बहिणींना २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हक्क मिळाला. तरी त्यांच्याकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत सुटलेली नाही, आणि आजारपणात आईला बघायला मात्र त्यांनाच बोलावले जाते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांचे चित्र निराळे आहे. तेथील तरुण जोडपी छाटणीच्या हंगामात टोळ्या करून द्राक्षपट्ट्यात येतात आणि गावी आजी-आजोबा नातवंडांना, गुरांना सांभाळतात. येथे तरुणांची मजुरी वृद्धांच्या बिनपगारी कामावर उभी आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेल्या किसान लाँग मार्चमध्ये अनवाणी, भेगाळलेल्या पायांनी चालणारे म्हातारे-म्हाताऱ्या सर्वांनी पाहिल्या. १२ मार्चला मोर्चा मुंबईच्या आझाद मैदानात होता. वनहक्काचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी होती. निराधारांच्या व वृद्धांच्या मानधनातील वाढीचाही त्यात समावेश होता. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील गरीब व्यक्तीला २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाही. प्रामाणिक दाखला मिळवून या अटीत बसणे कोणत्याही राबत्या घराला अशक्यप्राय आहे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ मध्ये झाला, राज्याचे नियम २०१० मध्ये आले. प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो आणि पोटगी दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत मिळते. सज्ञान नातवंडेही कायद्याने जबाबदार आहेत. सून आणि जावई मात्र व्याख्येत नाहीत. त्यांना आणू पाहणाऱ्या २०१९ च्या विधेयकाचा कायदा झाला नाही. प्रत्यक्ष सेवा करणारी सून अशा रीतीने कायद्याच्या कर्तव्यात नाही आणि त्याच्या लाभातही नाही. कलम २३ अन्वये, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत घेता येते. नाशिककर कुसुमाग्रजांच्या १९७० च्या ‘नटसम्राट’मध्ये सर्वस्व मुलांना देऊन बसलेल्या गणपतराव बेलवलकरांना असा आधार नव्हता. शेजारच्या नगर आणि पुढे लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कपातीचा निर्णय घेतला. कपात झाल्याने सेवा घडत नाही, पण औषधपाणी तरी होते.

मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप केला. ही पेन्शन लागू नसलेले, १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेले, म्हणजे तुलनेने तरुण, त्यात आघाडीवर होते. त्याच आठवड्यात कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी संपाविरुद्ध मोर्चा काढला. एकाच वयाची माणसे पेन्शनच्या दोन बाजूंना उभी राहिली, हे या विषयाला पिढ्यांचे भांडण म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाच्या अटीविना पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. रुग्णालयातला खर्च यामुळे हलका होतो, घरी आणल्यानंतरची शुश्रूषा मात्र कुटुंबाकडेच राहते. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्येच आहे. घरगुती शुश्रूषेचे प्रशिक्षण, त्याला ठरावीक वेतन आणि दिवसभराची वृद्ध-संगोपन केंद्रे यांची जोड येथे सहज घालता येईल. केअरटेकर मुलीला किमान वेतन आणि आठवड्याची सुट्टी देण्यापासून सुरुवात करता येते.